पिशवी कमरेच्या खाली

माझ्या नवऱ्याने लघवीचा त्रास चार वर्षं सगळ्यांपासून लपवला, असं आमच्याकडे म्हणतात. सगळ्यांपासून म्हणजे माझ्यापासूनही. ते खोटं आहे. बाथरूमची कडी दिवसातून किती वेळा वाजते ते घरातल्या बाईला कळत नाही होय? वैजापूरला शेतावर जायचं तर हे एसटी सोडून स्कूटरवर जायला लागले, कारण स्कूटर कुठल्याही बाभळीशी थांबवता येते. लग्नाच्या पंगती टाळायला लागले. फिक्या रंगाच्या पँटी कपाटात गेल्या त्या गेल्याच. विचारलं तर म्हणायचे, "वयानं होतं. तुला काय करायचंय?" एरवी मी असं उत्तर ऐकून घेणारी नाही. पण या विषयाची त्यांच्याइतकीच मलाही लाज वाटत होती, म्हणून गप्प बसले.

मग एका सकाळी लघवी बंदच झाली. पोट टम्म फुगलं, कपाळावर घाम. मुलाने दवाखान्यात नेलं, तिथे नळी घालून मोकळं केलं. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची गाठ फार वाढलीय, ऑपरेशन केल्याशिवाय गत्यंतर नाही. पण यांची रक्त पातळ करायची गोळी चालू होती आणि साखर वर चढलेली. गोळी बंद करून, साखर खाली आणून मगच हात लावणार. तोवर नळी घेऊन घरी बसायचं.

त्या दिवसांत यांना ऑपरेशनपेक्षा एकाच गोष्टीची काळजी होती, गावाकडे काय सांगायचं. भावकीत असल्या दुखण्याची चर्चा कशी होते ते दोघांनाही माहीत होतं. पारावर हसतात, आणि तोंडावर 'आता कसं हाय, अप्पा?' म्हणून विचारतात. तोडगा मी काढला. म्हटलं, हर्निया सांगू. ओझं उचलून होतो, शेतकऱ्याला शोभतो, आणि कुणी जास्त खोलात विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठवडाभरात पहिल्यांदा हे हसले. मुलाला, सुनेला पढवून ठेवलं. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

तयारी म्हणजे नुसती धावपळ. रक्त, छातीचा फोटो, हृदयाची तपासणी, भुलीच्या डॉक्टरांची चिठ्ठी. आदल्या दिवशी दवाखान्यातला माणूस केस काढायला आला तेव्हा यांनी मला बाहेर जायला सांगितलं. संमतीचा कागद तीनदा वाचला आणि म्हणाले, "यात मरायचं बी लिहिलंय." मी म्हटलं, सगळ्यांच्याच कागदात लिहितात. बोटातली अंगठी काढून माझ्या हातात दिली, ती मी पदराच्या गाठीत बांधली. मी घाबरले होते. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडले तो माणूस नसेल तर मी कुणाशी भांडणार, हाच विचार डोक्यात येत होता.

ऑपरेशन चांगलं झालं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर डॉक्टरांना पुष्कळांनी नावं ठेवली. चौथ्या दिवशी घरी सोडलं, नळी आठवडाभराने काढणार होते. निघताना तिथल्या वयस्कर नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं. "अम्मा, दो बातां याद रखो. पानी खूब पिलाओ. और थैली हमेशा कमर के नीचे. पलंग पे नको, भूल के भी नको." लघवी उलटी फिरली की ताप येतो, माणूस हाताबाहेर जातो, असंही सांगितलं. माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मी शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं.

सिडकोतल्या आमच्या घरात यांचा पलंग पुढच्या खोलीत टाकला. पायाकडच्या बाजूला खाली आकड्याला नळीची पिशवी टांगली. सकाळी उठल्यावर देवाआधी मी पिशवी बघायची. लाल होतं त्याचं गुलाबी झालं, गुलाबीचं पिवळं. मी मापून ओतायची, तांब्या भरून उशाशी ठेवायची. हे कुरकुरत प्यायचे. दुखणं मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, पण ते निघालं होतं, मला दिसत होतं.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी दारात जीप थांबली. यांची थोरली बहीण, तिचा मुलगा आणि महिन्यापूर्वी लग्न होऊन आलेली त्याची बायको. फोन नाही, निरोप नाही. आजाऱ्याला बघायला येताना कळवून यायची आमच्याकडे रीत नाही. यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हर्नियाच्या माणसाला लघवीची पिशवी कशाला असेल? शिवाय नवी नवरी पाया पडायला वाकणार, ती नेमकी त्या पिशवीवर.

मी पिशवी उचलली, पलंगावर यांच्या कुशीला ठेवली आणि वरून गोधडी ओढली.

"खाली राहू दे," हे हळूच म्हणाले. "त्या बाई काय म्हणल्या होत्या?"

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं.

पण नवी सून पहिल्यांदा घरी आली की तिला नुसत्या चहावर कसं बोळवणार? जेवण आलं, ओटी आली. मी पुरणाचा घाट घातला. माझी सून शाळेत शिकवायला गेलेली, सगळं माझ्या एकटीवर. पुढच्या खोलीत नणंद भावाच्या उशाशी ठाण मांडून बसली होती. मी तांब्या पुढे केला तर तिने माझा हात धरला. "अगं, लई पानी पाजू नको. वली जखम हाय, पानी पडलं की पिकती." पोटातल्या जखमेला पाणीच हवं, हे सांगायचं तर हर्निया नाहीच हे सांगावं लागलं असतं. मी तांब्या खाली ठेवला.

पोळ्या लाटताना यांची हाक आली. "अगं, जरा इकडं ये." मी म्हटलं, आले आले. गेले तेव्हा नणंद समोरच होती. हे माझ्याकडे बघत राहिले, मग गोधडीकडे. मला कळलं होतं. मी परत तव्याकडे गेले, पोळी करपत होती.

पाच वाजता पाहुणे गेले. गोधडी काढली तर पिशवी फुगून टणक झालेली, आत गढूळ. मी ती पटकन खाली टांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी भरून आली. तीन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. मुलगा कारखान्यातून धावत आला, दवाखान्यात दाखल केलं. दुपारी डॉक्टरांनी मला आणि मुलाला पलंगाजवळ बोलावलं. विष रक्तात गेलंय म्हणाले. मग सरळ विचारलं, "पिशवी वर ठेवली होती का कुणी?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी यांचं पांघरूण सारखं करायला लागले.

"मीच घेतली वर," हे म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "ही नको म्हणत होती. मीच ऐकलं नाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते कागदावर लिहून घेतलं. मी ते लिहू दिलं. संध्याकाळी यांची शुद्ध गेली. तिसऱ्या दिवशी हे गेले.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. मुलगा अजून बापावर चिडतो. श्राद्धाच्या दिवशी, पान वाढलेलं असताना, पाहुण्यांना सांगतो, "आईनं किती सांगितलं होतं. पण अप्पांनी कधी कुणाचं ऐकलं का?" सगळे माना डोलावतात, माझ्याकडे हळहळून बघतात. मी वाढत राहते.