हुदहुदच्या पायाखालचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. महादेवासमोर रोज हात जोडतो, त्यालाही नाही — त्याला ठाऊक असेल म्हणा. तुम्ही मला ओळखत नाही, आपांनाही ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतोय.

लातुरात माझं फ्रेमचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, गेलेल्या माणसांचे फोटो, पोरांची सर्टिफिकिटं, सगळं काचेआड घालतो. हात साफ आहे माझा, आणि वाया काही घालवत नाही. कापून उरलेल्या कागदाची घडी घालून दुसऱ्या फ्रेमच्या मागं खोचतो, म्हणजे काच खुळखुळत नाही. या काटकसरीची मला मोठी घमेंड होती.

नफीसाआपा आमच्या गल्लीतल्या. उर्दू शाळेत जन्मभर शिकवलेलं, घरी मुलगा सलीम. एकदा त्या ओढणीत गुंडाळून एक चित्र घेऊन आल्या. हुदहुद पक्ष्याचं — डोक्यावर तुरा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, इतका जिवंत की आत्ता भुर्रकन उडेल. अडीचशे वर्षांपूर्वी त्यांचा एक पूर्वज हैदराबादेत कुण्या गोऱ्या साहेबासाठी पाखरं रंगवायचा. पिंजरा समोर ठेवून, पीस न् पीस बघून. साहेब चित्रं जहाजात घालून घेऊन गेला. या चित्रात एका नखापाशी रंग फिसकटला होता, म्हणून हे तेवढं घरी राहिलं. साहेबाच्या चित्रांवर चितारणाऱ्याचं नाव कोण घालू देतंय? हे घरचं, म्हणून यावर त्यानं आपलं नाव घातलं. पक्ष्याच्या पायाखाली, फारसीत.

आपा हे सांगत होत्या तेव्हा मी काच कापत 'हाव आपा, हाव आपा' म्हणत होतो. ऐकलं का? अर्धंमुर्धं.

एक सुरेख सागवानी फ्रेम माझ्याकडं पडून होती. आपांना हीच द्यायची, असं मनात आलं. चित्र खालून बोटभर जास्त होत होतं. मी पट्टी लावली आणि कटर फिरवला. अक्षरं दिसली नाहीत म्हणू का? दिसली होती. मला वाचता येत नव्हती, म्हणून ती बिनकामाची वाटली. बस्स, एवढंच.

आपा न्यायला आल्या. काचेवरून बोट फिरवत राहिल्या. "संगमेश्वर, खाली नाव व्हतं रे."

आता तुम्हीच सांगा, तिथं 'चुकलं आपा' म्हणायला काय लागत होतं? जीभच वळली नाही. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, तसं मी रेटलं. "नव्हतं आपा. असंच आणलं तुम्ही."

सलीम सोबत होता. तो हसला — अम्मीला हल्ली काही आठवत नाही म्हणाला. आणि मी काय केलं? मी त्यात भर घातली. "परवा चष्मापण इथंच विसरल्या होत्या," म्हणालो. तो चष्मा त्यांनी दांडी बसवायला दिला होता. मला माहीत होतं.

ते गेल्यावर आठवलं. कापलेली कड मी कापल्या दिवशीच रेणापूरच्या एका गिऱ्हाइकाच्या वडिलांच्या फोटोमागं खोचली होती. रेणापूर काय लांब आहे? मोटारसायकलला किक मारली की पोचलो. पण नाव आणून दिलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. मी गेलो नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

पुढं हैदराबादेहून एक मुलगी आली, जुन्या पाखरांच्या चित्रांवर अभ्यास करणारी. फ्रेमची पाठ उघडायला मलाच बोलावलं. तिनं विचारलं, कुणी काढलंय? आपांनी नाव घ्यायला तोंड उघडलं, सलीमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गप्प बसल्या. शाळेत पोरींना चार पिढ्यांच्या शायरांचे शेर तोंडपाठ म्हणून दाखवणारी बाई ती. मुलीनं लिहून घेतलं — चित्रकार अज्ञात. मी खिळे परत ठोकत होतो. लाज वाटत होती, तरी ठोकत होतो.

त्यानंतर आपा फार बोलेनाशा झाल्या. दूध उतू गेलं तरी 'माझंच ध्यान नाही' म्हणायच्या. सलीमनं शेगडीपाशी जाऊ देणं बंद केलं. बाजारात एकटं सोडणं बंद केलं. सगळं माझ्या डोळ्यांदेखत.

आपा वारल्या, त्याच्या आधीच्या ईदला त्या सलीमचा हात धरून दुकानात आल्या. शीरखुर्म्याचा डबा काउंटरवर ठेवला.

"म्या तुझ्यावर शक घेतला रे," म्हणाल्या. "नाव नव्हतंच. माझ्याच डोस्क्यात काय तरी हाय. मला माफ कर, बाबा."

सलीम सोडला तर दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "असू द्या आपा. माफ केलं."