उंटिणीचं पाणी

डेपोत तिला सगळे ‘उंटीण’ म्हणायचे आणि तिला त्याचा राग येत नसे. उलट अभिमानच वाटायचा. ती बसमध्ये कंडक्टर होती. सकाळी घरून निघताना दोन घोट चहा, की मग पाण्याचं नाव नाही. उन्हाने बस भट्टीसारखी तापायची, ‘तिकीट, तिकीट’ करून घसा बसायचा. ड्रायव्हर बाटली पुढे करायचा आणि ती मान हलवायची.

“राहू द्या हो,” तो प्रवाशांना सांगायचा, “उंटीण आहे ती. एकदा घरी पिऊन निघाली की थेट घरीच.”

प्रवासी हसायचे. तीही हसायची. खरं कारण कोणीच विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

कारण असं, की शेवटच्या स्टॉपवर गाड्यांच्या फेऱ्या लावणाऱ्या कंट्रोलरची केबिन होती आणि केबिनच्या मागे दोन संडास. एक पुरुषांचा. दुसरा बायकांचा, पण त्यात फाटक्या सीटच्या गाद्या आणि मोडक्या पाट्या रचून कुलूप ठोकलेलं. चावी कंट्रोलरच्या खणात. मागायला गेलं की तो घड्याळाकडे बघायचा आणि मान वर न करता म्हणायचा, “आधी फेरी करून या, मग बघू.” फेरी करून आलं की पुढची गाडी तयार असायची.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकदा तिला तेवढं धरवलं नाही. भरल्या बसमध्ये, मागच्या दारापाशी उभी असताना. एका प्रवाशाने पाय वर घेतले. दुसरा मोठ्याने म्हणाला, “अरे, बाटली कोणाची सांडली?” आणि मग त्याला कळलं, कोणाची नाही ते. त्या दिवसापासून तिने पाणी सोडलं, लोक दारू सोडतात तसं.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ निघाली. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. “इतकी वर्षं धरून ठेवलं, त्यानेच झालं ना हे?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्याने जळजळ होते, इन्फेक्शन होतं. पण हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. धरून ठेवण्याचा याच्याशी संबंध नाही.”

शेजारी बसलेल्या लेकीने सुटकेचा श्वास सोडला. ती मात्र खट्टू झाली. तपासणीचा निकाल आल्यापासून रात्री कूस बदलताना ती कंट्रोलरला मनातल्या मनात फरफटत कोर्टात नेत होती आणि डॉक्टरांनी त्याला एका वाक्यात सोडून दिलं होतं.

किरणोपचार विभाग हॉस्पिटलच्या तळघरात होता. जाडजूड भिंती, खिडकी एकही नाही. पहिल्या दिवशी उपचार नव्हतेच, नुसती मापं. एका कडक टेबलावर निजवून, पाय साच्यात ठेवून स्कॅन काढला. भिंतीतून लाल प्रकाशाच्या रेघा तिच्या पोटावर येऊन पडल्या आणि जिथे त्या एकमेकींना छेदत होत्या तिथे टेक्निशियन मुलीने सुईने बारीक ठिपके गोंदले. विभागात या मुलीला सगळे ‘मशीनवाली’ म्हणत.

“मावशी, हे ठिपके म्हणजे तुमचा पत्ता,” मशीनवाली म्हणाली. “रोज याच्यावरून तुम्हाला त्याच जागी झोपवायचं. आणि रोज आधी लघवीला जाऊन यायचं, मग आजच्यासारखीच बाटली पूर्ण प्यायची आणि नंबर येईपर्यंत धरून ठेवायचं.”

“कशाला?”

“लघवीची पिशवी फुगली की आतडी वर सरकतात, किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. पिशवी रिकामी असली की आतडी खाली उतरतात आणि उगाच भाजतात.”

ती कडवट हसली. “धरून ठेवायला मला शिकवू नकोस बाई.”

धरायचं तिला येतच होतं. अडचण पिण्याची होती. मापांच्या दिवशी लेक समोर उभी राहिली म्हणून बाटली संपली. उपचारांच्या पहिल्या दिवशी लेक गोळ्या आणायला गेली आणि तिने बेसिनपाशी जाऊन अर्ध्याहून जास्त पाणी ओतून दिलं. आत गेली, टेबलावर निजली. जाड दार बंद झालं. मशीन तिच्याभोवती एकदा सावकाश फिरलं आणि दार पुन्हा उघडलं.

“मावशी, पाणी प्यायलात ना?”

“प्यायले की.”

“किरणं सोडायच्या आधी आम्ही फोटो घेतो. पिशवी रिकामी दिसतेय.”

आयुष्यभर फुकट्यांना पकडणारी बाई आज स्वतःच विनातिकीट सापडली. तिला बाहेर काढलं, दुसरी बाटली दिली आणि रांगेच्या शेवटी बसवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मशीनवालीने हातच जोडले, “अहो, तुमच्यामुळे सगळे खोळंबतात.”

घरी आल्यावर लेक तडकली. “आई, तुला बरं व्हायचंय की नाही?”

“व्हायचंय गं. पण पाणी घशाखाली उतरत नाही. बाकावर बसलं की वाटतं, आत्ता होईल आणि सगळे बघतील.”

“काय होईल?”

मग तिने लेकीला बसमधली ती गोष्ट सांगितली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी लेकीने दोन बाटल्या आणल्या. “एक तुझी, एक माझी. बघू कोण आधी उठतं.”

लेकच आधी उठली, पाय आवळत. पण पाणी उतरलं. मग ते रोजच उतरायला लागलं. पुढे जुलाब सुरू झाले, लघवीला आग व्हायला लागली, दुपारनंतर अंगात त्राण उरेना. पण आठवड्याच्या तपासणीत डॉक्टर म्हणत, हे अपेक्षितच आहे, गाठ आक्रसतेय. हळूहळू ती बाकावरची जुनी झाली. नवे पेशंट बिचकत तिच्याशेजारी टेकायचे आणि ती सांगायची: आत दुखत नाही, कशाचा स्पर्शही होत नाही. नुसती घरघर ऐकू येते. तुम्ही एकटेच असता, पण कॅमेऱ्यातून बघतात, हात वर केला की मशीन थांबवतात. घरी गेल्यावर नातवंडांना खुशाल मांडीवर घ्या, किरणं अंगात राहत नाहीत. आणि शेवटी न चुकता एक वाक्य: “अगदीच सहन झालं नाही तर मशीनवालीला सांगायचं. ती ओरडत नाही. पुन्हा पाणी देते, पुन्हा नंबर लावते.”

एके सकाळी लेक बाहेर औषधांच्या रांगेत होती आणि तिच्याशेजारी एक म्हातारा येऊन बसला. पाठीमागे नाडीचा गाऊन, हातात रिकामी बाटली. प्रोस्टेटचा पेशंट. त्यांनाही पिशवी भरावी लागते. तिने पाहिलं आणि ओळखलं. केस गेले होते, पण घड्याळाकडे बघण्याची तीच तऱ्हा.

“बाई, तुम्ही जुन्या दिसता,” तो म्हणाला. “आत काय करतात हो?”

त्याने तिला ओळखलं नव्हतं. तिने सांगायला सुरुवात केली. दुखत नाही, स्पर्श होत नाही, कॅमेरा असतो. तो लहान मुलासारखा ऐकत होता.

“तुम्ही काय करायचात?” त्याने विचारलं.

“बसमध्ये कंडक्टर.”

“काय सांगता! मी कंट्रोलर होतो!” आणि त्याने त्या शेवटच्या स्टॉपचं नाव घेतलं. “काय दिवस होते हो! सगळी मंडळी अगदी घरच्यासारखी.”

“हो,” ती म्हणाली. “घरच्यासारखी.”

तेवढ्यात मशीनवाली बाहेर आली. मशीन अडलंय, थोडं थांबावं लागेल, असं सांगून ती पुन्हा आत गेली. बाकावरचे सगळे पायावर पाय टाकून बसले. कंट्रोलरच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “मी जरा जाऊन येऊ का? चालतं का इथे? कोणाला विचारायचं?”

मशीनवालीला सांगायचं, हे रोजचं शेवटचं वाक्य तिच्या जिभेवर होतं. ते तिने गिळलं.

“आधी फेरी करून या,” ती म्हणाली, “मग बघू.”

त्याने नीट ऐकलं की नाही कोण जाणे. बिचाऱ्याने मान हलवली आणि गुडघे जवळ घेऊन बसून राहिला. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. थोड्या वेळाने फरशीवर पाणी पसरलं आणि तिच्या चपलेपर्यंत आलं. तिने पाय वर घेतले. घेतल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

मशीनवाली धावत आली. “अहो काका, सांगायचं ना! होतं असं. काही नाही, काही नाही.” कोणी पोछा आणला, कोणी कोरडा गाऊन. बाकावरच्या एकाने स्वतःची शाल त्याच्या पायांवर टाकली. कोणी हसलं नाही. भल्या मोठ्या खोलीत एकही माणूस हसला नाही.

मग मशीन सुरू झालं आणि तिचा नंबर आला. “पिशवी एकदम छान भरलीय मावशी, हलू नका,” मशीनवाली म्हणाली आणि दार बंद करून गेली. ती हलली नाही. डोळ्यांतलं पाणी कानशिलांवरून कानात उतरलं, तेही पुसता आलं नाही.

बाहेर आली तेव्हा तो कोरड्या गाऊनमध्ये, नवी बाटली घेऊन बसला होता. तिला बघून ओशाळं हसला.

“सहन झालं नाही, तर मशीनवालीला सांगायचं,” ती म्हणाली. “ती ओरडत नाही.”

“अहो, हे आधी सांगायचं ना!”

“विसरले,” ती म्हणाली.

त्याला ते लगेच पटलं. “होतं हो असं,” म्हणत त्याने बाटली तोंडाला लावली. त्याचे उपचार आजच सुरू होत होते. म्हणजे उद्याही तो इथेच, याच बाकावर, तिच्याशेजारी.