जाममध्ये थांबल्याचे तीनशे

गाडीत टांगलेल्या मोगऱ्याच्या अत्तराचा वास आला की मला भिवंडीच्या नाक्यावरची ती तापलेली दुपार आठवते. नोकरीचं प्रशिक्षण संपवून मी पहिल्यांदाच विमानाने परतलो होतो. विमानतळावरून चौघांत मिळून व्हॅन केली होती, भाडं आधीच भरलं होतं. वाटेत कशेळीला ट्रकांच्या रांगेत तासभर अडकलो. नाक्यावर ड्रायव्हरने माझी बॅग डिकीतच ठेवली आणि म्हणाला, "तीनसौ और निकालो, जाम का वेटिंग." "जाम काय मी केला?" मी विचारलं, "ठरलं तेवढं दिलंय." मला घ्यायला वडील कापड विणायच्या लूमवरून तसेच आले होते, केसांना कापूस चिकटलेला. ते पुढे झाले आणि त्याच्या हातात नोटा ठेवल्या. "घ्या शेठ, पोरगं हाय, त्याला कळत न्हाय." ड्रायव्हर हसला, "देख, बाप समझदार है." माझं डोकं सणकलं. वडिलांनी त्याला शेठ का म्हणावं? मी गाडीपुढे उभा राहिलो. मागे हॉर्न वाजू लागले, बाकीचे प्रवासीही त्याला ओरडू लागले, तेव्हा त्याने नोटा परत केल्या आणि बॅग रस्त्यावर आदळली. घरी चालताना वडिलांनी नोटा घडी करून खिशात ठेवल्या. मग हळूच म्हणाले, "लूमवर कापडाला डाग निघाला की शेठ मजुरी कापतो. डाग माझा नसतो. तवा मी बी तुझ्यावानी असंच इचारायचं व्हतं काय रं?" त्याच कापलेल्या मजुरीवर मी पदवीधर झालो. म्हणून आजही माझा राग त्या ड्रायव्हरपाशी थांबत नाही.