त्या दिवशीचं गरम पाणी

मी टपाल वाटते. शेणव्याच्या पुढची पाच-सहा गावं आणि त्यांच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या वाड्या माझ्याकडे आहेत. लोकांना वाटतं, आता पत्रं कोण लिहितं, हिला काय काम असणार. पण आधार कार्डं येतात, बँकेची कार्डं येतात, कुणाला नोटीस येते, कुणी मोबाइलवरून मागवलेल्या चपला येतात. रस्ता असेल तिथवर स्कूटी, पुढे पायी.

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. लवकर तयार होणारी हळवी भातं पिवळी पडली होती. सकाळी दव आणि दुपारी अंग भाजणारं ऊन, असे ते दिवस. डोंगरातल्या एका वाडीत एका बाईंचं आधार कार्ड द्यायचं होतं. स्कूटी खाली लावून चढायला लागले आणि अर्ध्या वाटेत परतीच्या पावसानं गाठलं. टपालाची पिशवी प्लास्टिकमध्ये होती, मी नव्हते. वाडीत पोचले तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं आणि वर वारा असा सुटला होता की दात वाजत होते.

त्या बाई घरात एकट्याच होत्या. साठीच्या असतील, बारीक अंगाच्या, कपाळावर आणि हातांवर गोंदलेल्या. माझा अवतार बघून त्यांनी कार्डाचं नावही काढलं नाही. जुनं लुगडं पुढे केलं आणि म्हणाल्या, "आदी डोका पूस गो बाय. हितं बस, चुलीपाशी."

मी बसले. त्यांनी पाकीट फोडून कार्ड बाहेर काढलं. फोटो त्यांनी बराच वेळ न्याहाळला, मग "ही मी हाय?" असं मलाच विचारलं. मग आत गेल्या, काहीतरी खुडबुड केली, आणि स्टीलच्या पेल्यात वाफाळतं काहीतरी घेऊन आल्या. मला वाटलं चहा. तोंडाला लावला तर चहा नव्हता. आंबट होतं, गोड होतं, मागून तिखट घशाला लागत होतं, आणि या सगळ्याला धुराचा वास होता. भाजलेल्या वांग्याला येतो तसा, पण फळाचा. दोन घोटांत कानापर्यंत ऊब गेली.

"मावशी, हे काय आहे?"

"काय नाय गो. असाच गरम पानी."

"पण कशाचं?"

त्यांनी मान फिरवली आणि चुलीतली लाकडं नीट करायला लागल्या. "पी गुमान. थंड हुईल."

मी आणखी एकदा विचारलं. त्या उठून बाहेर पाऊस बघायला गेल्या. पेल्याच्या तळाशी थोडा पिवळट चोथा होता आणि माझ्या दातात एक सूत अडकलं होतं. पाऊस उघडला, मी निघाले. ते सूत घरी येईपर्यंत निघालं नाही.

माझ्या कामात दुसऱ्याची पाकिटं उघडायची नसतात, आणि मी ती कधी उघडलीही नाहीत. कदाचित त्याचंच उट्टं मी बाकी सगळीकडे काढत असेन. एखादी गोष्ट कळली नाही की ती माझ्या डोक्यात घर करते. त्या पेयानं तसंच केलं. दुसऱ्याच दिवशी मी घरी आमसुलं भिजत घातली, गूळ टाकला, आलं किसलं, उकळलं. आमच्या सासूबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "हा तर सार झाला. भात लाव आता."

तिसऱ्या दिवशी लिंबू. नवरा कल्याणला कामाला आहे, आसनगावला उतरून रात्री आठला घरी येतो. पायातले बूट काढायच्या आत मी पेला त्याच्या हातात दिला. त्यानं पिऊन विचारलं, "मला सर्दी झालीय का?" मग चिंच केली, ती पाणीपुरीसारखी लागली. आवळे केले, ते कुणालाच गिळवेनात.

ठाण्याला राहणाऱ्या भाचीला फोनवर हे सांगितलं तर तिनं एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा थंडीच्या देशात लोक या दिवसांत सफरचंदं चिरून, त्यात दालचिनी-लवंगा घालून मंद आचेवर तास तास उकळतात आणि गरम गरम पितात. नवरात्रातल्या उपवासाची दोन सफरचंदं घरात सुकत पडली होती, तेही करून बघितलं. सुरेख झालं, घरभर वास सुटला. पण ते नव्हतं. त्यातून एवढंच झालं की दालचिनी आणि लवंग माझ्या डोक्यात पक्की बसली.

शेवटी एका संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "फळाचा सूत दातात जाते म्हनतेस ना? आंब्यासारका?"

"हो. पण आता आंबे कुठले?"

"आंबा नाय. आंबाडा असंल."

मला आंबाडीची भाजी आठवली. तसं म्हणाले तर त्यांनी कपाळाला हात लावला. "भाजी नाय गो! फळ. रानातला. एवडा एवडा असते, हिरवा, मग पिवला हुतो. आतली कोय निसती सुतं. आमी धसईला लहानपनी मीठ लावून खायाचो."

सासूबाईंचं माहेर धसईकडचं. त्याच आठवड्यात त्यांच्या भावाकडे बारसं होतं, मी आवर्जून बरोबर गेले. बाजारात डोंगरातून आलेल्या बाया रस्त्याच्या कडेला फडकी पसरून बसल्या होत्या. एकीपुढे लिंबाएवढ्या हिरव्या-पिवळ्या फळांचे वाटे होते. मी एक उचलून नखानं खरवडलं आणि वास घेतला. कैरी आणि पिकलेला आंबा यांच्या मधला तो वास मी ओळखला. दोन वाटे घेतले.

घरी येऊन आंबाडे उकडले, कुस्करले, गाळले, गूळ घातला, आलं, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. सासूबाई दोन पेले प्यायल्या. नवऱ्यानं या वेळी सर्दीचा विषय काढला नाही. मी मात्र चाखत राहिले. आंबटपणा तोच, सुतंही तीच, पण त्या दिवशीचं अजून काहीतरी राहिलं होतं.

पोस्टात आमच्या साहेबांना ही सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "जंगलातल्या लोकांचं औषध असतं ते. पिढ्यान्‌पिढ्यांचं. बाहेरच्याला नाही सांगत." मला ते एकदम पटलं. म्हणूनच त्यांनी मान फिरवली असणार! मी मनातल्या मनात त्या पेल्याची जुनी परंपरा उभी केली, त्यात कुठली कुठली मुळं आणि साली घातल्या. एक वहीसुद्धा केली, त्यांनी कधी सांगितलंच तर लिहून घ्यायला.

दिवाळीच्या चार दिवस आधी त्याच वाडीतल्या शेजारच्या घरचं बँकेचं कार्ड आलं. मी सकाळी लवकर उठून माझं पेय केलं, थर्मासमध्ये भरलं आणि निघाले. कार्ड दिलं, सही घेतली आणि मावशींच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या अंगणात भात झोडत होत्या. हात झटकून आल्या.

"तुमच्यासाठी आणलंय," म्हणून मी थर्मासच्या झाकणात ओतून दिलं.

त्यांनी आधी वास घेतला. "यात लवंग कशाला? दात दुकते का तुजा?"

मग प्यायल्या. जिभेवर घोळवलं. आणि त्यांना कळलं. "आंबाडा हाय."

मी सगळं सांगून टाकलं. आमसुलं, लिंबं, आवळे, धसईचा बाजार, सगळं. "पंधरा दिवस करतेय मावशी. तुमच्यासारखं होत नाही. तुम्ही काय घालता ते सांगत असाल तर सांगा. नसेल सांगायचं तर राहू दे."

 त्या तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की शेजारची सून बाहेर येऊन बघायला लागली.

"आगो बाय! त्ये होय? त्या दिशी घरात चापत्ती नवती!"

मला कळेना.

"तू भिजून आलीस. टपालवाली बाय, माजं कार्ड घेवून आली, आन तिला निसता पानी कसा देऊ? चुलीत आंबाडं भाजत घातलं होतं, चटनीला. त्येच कुस्करलं. गूळ टाकला. आल्याचा कोंब दाराशी हाय, त्यो टाकला."

"आणि तिखट?"

"टोपाला मिरची लागलेली व्हती. म्या पान्यानं निसता इसलला. धुवाया टाइम कुटं व्हता?"

"पण मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

त्यांचं हसू जरा कमी झालं. "काय सांगू? घरात चाय नाय म्हनून सांगू?"

 त्या पावसात मी गुपित समजून जे बघितलं होतं, ती त्यांची लाज होती. मी तीनदा विचारलं होतं. पाहुणीला चहा देता आला नाही म्हणून आधीच खजील झालेल्या बाईला मी चुलीपाशी बसून तीनदा विचारलं होतं, हे काय आहे, कशाचं आहे.  वही पर्समध्येच राहू दिली.

"आज हाय चापत्ती," त्या म्हणाल्या. "बस."

मला चहा नको होता. पण या वेळी एवढी अक्कल आली होती की मी बसले आणि ठेवलेला चहा पूर्ण प्यायले. काळा, साखर भरपूर, बिनदुधाचा. पेला परत देताना त्या समाधानानं बघत होत्या.

मग म्हणाल्या, "पन तुला सांगू? तू गेलीस ना, तवा थोडा उरला व्हता. म्हातारा शेतावरनं आला, त्याला दिला. त्यो म्हनते, उद्या पन कर. तवापासना आमी रोज करतो सांजचा."

म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी जे जगात नव्हतं, ते या घरात आता रोजचं झालं होतं. आणि माझ्याही. माझी पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा माझ्यापासूनच सुरू होत होती.

"आता मिरची मुद्दाम घालता का?"

"घालतो. अर्दी. आन हलदीचा पान. चल, दावते."

परसात हळदीची पानं अजून हिरवी होती. त्यांनी एक पान फाडून मुरडलं, गाठ मारली. चुलीच्या निखाऱ्यात सहा आंबाडे लोटले. साल काळी पडून फुटली आणि रस शिजल्याचा आवाज आला, तेव्हा चिमट्यानं काढले, फुंकून राख उडवली, टोपात पाण्यात घालून हातानंच पिळले. गूळ, चिमूटभर मीठ, ठेचलेलं आलं, मिरची, पानाची गाठ. दोन उकळ्या. धुराचा वास असा आला होता तर! मी घरी फळं उकडत बसले होते.

त्यांनी स्वतःचं प्यायल्यावर माझ्या थर्मासमधलं पुन्हा चाखलं. "लवंग वंगाळ नाय," म्हणाल्या. "पन येकच घाल." मी लवंगांची पुडी त्यांच्याकडे ठेवून आले आणि हळदीची चार पानं घेऊन आले.

त्या संध्याकाळी आमच्या आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत मी आंबाडे भाजले. सासूबाई शेजारी पाट घेऊन बसल्या आणि कुठलं फळ उलटायचं ते सांगत राहिल्या. मिरचीवरून आमचं जमलं नाही. त्यांना ती अजिबात नको होती, म्हणून त्यांचा पेला आधी काढून मग मिरची टाकली. आमच्याकडे अजून तसंच चालतं.

थंडी पडल्यावर एकदा सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम वाडीवर गेले. मावशी मला झाडापाशी घेऊन गेल्या. आंबाड्याचं झाड मी पहिल्यांदाच ओळखीनं बघत होते. उंच, सरळ, पान एक नाही आणि फांद्यांना नुसते पिवळे घोस. खाली पाचोळ्यात फळं पडलेली होती, काही अर्धवट खाल्लेली.

"ही कुणी खाल्ली?"

"भेकर येते पहाटचा. त्याचा बी हाय वाटा."

आम्ही भेकराचा, त्या छोट्या हरणाचा, वाटा ठेवून बाकीचे वेचले. त्यांनी ओटीत घेतले, मी हेल्मेटात.

"मावशी, हे संपले की मग? वाळवून ठेवले तर टिकतील?"

त्यांनी एक फळ हातात फिरवत विचार केला. "म्हायत नाय गो. कोनी केला नाय आमच्यात."

"चिरून वाळवायचे की अख्खे?"

"तू चिरून वालव, मी आक्के वालवते. कोनाचा रायतो बगू."

आणि आम्ही हेल्मेट दोघींच्या मध्ये ठेवून, त्यातले बिनडागी आंबाडे निवडत तिथेच उन्हात बसलो.