दाबधरे मिस्त्री

त्यांचं खरं आडनाव सांगितलं, तर बडनेरा रस्त्यावरचा एकही ड्रायव्हर ओळखणार नाही. आमच्यासाठी ते दाबधरे मिस्त्री. गाडीखाली उताणं पडून 'दाब... धर... सोड' एवढंच ते दिवसभर बोलत. वरच्याने ब्रेक दाबून धरायचा, खाली मिस्त्री चाकामागचा बारका बोल्ट सैल करून तेलात शिरलेली हवा काढणार, बोल्ट आवळणार, मग 'सोड'. त्याआधी पाय उचलला की हवा परत आत.

पेडलवर पाय मात्र गाडी चालवणाऱ्याचाच हवा, हा त्यांचा हट्ट. एका शेठजींनी हाताखालच्या गड्याला बसवलं, तर मिस्त्री बाहेर येऊन निवांत चहा पीत बसले. म्हणाले, "घाटात बी हाच दाबनार हाय का?" शेठजी धोतर सावरत चढले.

माझी जीप मिलिटरीच्या लिलावातली. परतवाड्याहून चिखलदऱ्याला सवाऱ्या न्यायचो. ब्रेकचं तेल मिळेना म्हणून आमच्या बंधुराजांनी एकदा चक्क सरकीचं तेल ओतलं. आतली रबरं फुगली, चाकं जाम. मिस्त्रींनी बोट बुडवून वास घेतला. "भजे तळाचे होते का, बावा?" सगळी रबरं बदलेपर्यंत ते हसत होते.

पुढे त्यांच्या लेकीचं, शांताचं लग्न झालं. सासर चिखलदऱ्याचं. घाटाची धास्ती त्यांनाच जास्त, म्हणून पाठवणी माझ्याच जीपमधून, हेही त्यांनीच ठरवलं. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरचं घरातलं पहिलं लग्न. मंडपात सगळे पांढऱ्या कपड्यांत. पोरगी गाडीत बसली आणि हा बाप कोऱ्या सदऱ्यासकट गाडीखाली शिरला.

"दाब." दाबलं. "धर." धरलं.

तीन चाकं झाली. चौथ्याला पेडल घट्ट लागलं, म्हणजे हवा निघाली, बोल्ट आवळल्याचंही ऐकू आलं, पण 'सोड' काही येईना. माझ्या पोटरीत गोळा आला. मिस्त्रीणबाईंनी वाकून पाहिलं. मिस्त्री पाना छातीवर घेऊन नुसते पडले होते, डोळे भरलेले.

"अवो, सोड म्हना आता," बाई हळूच म्हणाल्या. "पोरीले घाटात अंधार होईन."

बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "सोड."

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. शांताची पोरं सुट्टीत आजोळी यायची, तीही माझ्याच जीपमधून. गाडी काढण्याआधी मी आजही पेडल दाबून धरतो, आणि कुणीतरी सांगेल म्हणून थोडा वेळ पाय उचलवत नाही.