दुसरी गोळी

उसाच्या रसात बर्फ नको म्हणणारे पुष्कळ असतात. तात्या भोरांना मात्र दुसऱ्याच्या ग्लासातला बर्फही सोसायचा नाही. कंपनीसमोरच्या रसवंतीवर ते कायम बर्फाच्या पेटीकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून बसत. "सुभेदार, शत्रूकडे पाठ?" अशी मी त्यांची चेष्टा करायचे. ते मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे, "तुम्ही प्या ताई. माझं असंच बरं हाय." त्या चेष्टेची मला आज लाज वाटते.

सातपूरला आमची कंपनी गोळी अडवणारे पत्रे बनवायची. पत्रा टिकतो का हे बघायला त्यावर गोळी झाडावी लागते, आणि ते काम तात्यांचं. सैन्यातून निवृत्त झालेला घोटीकडचा माणूस. नेम पक्का, बोलणं कमी. मोजमाप माझ्याकडे. पत्रा पास झाला की मी खूश व्हायचे, तात्या नाही. "आज थांबली. उद्याचं उद्या," म्हणत ते रायफल पुसायला बसत.

दिवाळीनंतर ते आम्हा सगळ्यांना हरसूलच्या नव्या तांदळाचा भात खिलवायचे. त्यांचा जोडीदार काशिनाथ बर्फातल्या चौकीवर गोळी लागून गेला होता आणि तात्यांनी त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं होतं. त्याची बायको यमुनाबाई दरवर्षी हा तांदूळ एसटीने धाडायची. तात्या सगळ्यांना आग्रहाने वाढायचे आणि स्वतः दोन घास खाऊन उठायचे.

मग एका वर्षी वेगळंच काम आलं. उंचावरच्या चौक्यांवर बर्फाच्या भिंती रचतात. मोठ्या रायफलची गोळी त्या कितपत अडवतात हे पाहायचं होतं. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या भुशात गुंडाळून मैदानावर आणल्या. तात्यांनी पहिली गोळी झाडली. लादी तडकली, आतून पांढरीफटक झाली, पण मागे लावलेला पुठ्ठा कोरा राहिला. तात्या जवळजवळ धावतच आले आणि लादीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

"थांबली की," ते म्हणाले. "थांबते बघा ताई. आता पुरे करू."

"दुसरी मारावी लागेल, तात्या. त्याच जागी."

नियमच होता तो, आणि तो मोडायला नको होता हे मला आजही पटतं. दुसरी गोळी तडकलेल्या बर्फातून आरपार गेली.

तात्या तिथेच खाली बसले. म्हणाले, "काशिनाथ म्हणत व्हता, जागा बदलू. मी म्हणलं, बर्फाच्या भिंतीत एक थांबली ना, मग बस गुमान."

पुढच्याच रविवारी त्यांनी मला हरसूलला नेलं. "वहिनी मला देव मानती. तिचा तांदूळ आता घशाखाली जायचा नाय. मी एकट्यानं सांगितलं तर म्हणंल, भाऊ उगा मनाला लावून घेतात. तुम्ही मोजणाऱ्या, तुम्ही सांगा."

यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तात्यांकडे न बघता मला विचारलं, "बाई, दुसरी नायच थांबत?"

"नाही," मी म्हणाले. पहिली थांबल्यावर कुणालाही असंच वाटलं असतं, मलाही वाटलं असतं, हे पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते राहूनच गेलं. यमुनाबाई उठून आत गेल्या, त्या आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

त्या दिवाळीला तांदूळ आला नाही. पुढच्याही नाही. "बरोबर हाय तिचं," एवढंच तात्या म्हणाले. पण फाटकातून कुणी पिशवी घेऊन आत आलं की त्यांची मान वर व्हायची. एकदा हरसूलला जाऊन ते वाक्य बोलून यावं, असं मी कितीदा ठरवलं. रस्ता काही लांब नव्हता.

तात्या झोपेतच गेले. तेव्हा निरोप धाडायला मात्र मला वेळ मिळाला. तेराव्याला यमुनाबाई दोन पिशव्या घेऊन आल्या. त्यांना बाजूला घेऊन मी राहिलेलं वाक्य बोलले.

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "भाऊ पण त्याच भिंतीमागं बसलं व्हतं ना. दोनी वर्सांचा तांदूळ काढून ठेवला व्हता. धाडायला हात होईना. तुमी एकदा आल्या असत्या बाई, तर तुमच्या हाती दिला असता."

तेराव्याला त्याच तांदळाचा भात शिजला. यमुनाबाईंनी स्वतः वाढला. मी दोन घास खाल्ले आणि उठले.