नेहमीच्या जागेवरचं पाणी

माझी आत्या सूड घ्यायची वाट बघत अकरा वर्षं बाटल्या विसळत राहिली. हे मी कौतुकानं सांगतेय. सूड हा शब्द ऐकून ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी खुशाल मुरडावं. त्यांच्या घरात कुणाचा पाय कापला गेलेला नाही.

आतोबा धोबी होते. आमच्या वस्तीच्या अंगाला नदीत मोठ्या दगडांची एक रांग होती. तिथं गुडघाभर पाण्यात उभं राहून ते हॉटेलांच्या चादरी धूत. माणूस भारी खोडकर. चादरीवरचा डाग बघून त्यामागची गोष्ट रचायचे, आणि गोष्ट रंगात आली की आत्या "पोरीसमोर काय बोलताय!" म्हणून त्यांच्या पाठीत ओला धपाटा घालायची. मग वरच्या अंगाला नळांचा कारखाना आला. न्हाणीघरात लावतात ते चकचकीत नळ. ती चकाकी चढवायला हौदांमध्ये क्रोमियम वापरतात, आणि हौदांचं पिवळं पाणी नाल्यातून सरळ नदीत येऊ लागलं. आधी मासे गेले. मग आतोबांच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. खाजेची जखम झाली, जखमेचं भोक झालं, आणि ते चिघळत हाडापर्यंत गेलं. दोन वर्षांत डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तेव्हा आत्या डॉक्टरांचे कागद घेऊन कारखान्याच्या मॅनेजरकडे गेली. मी नववीत होते, मला सोबत नेलं होतं. साहेबांनी कागद वाचले, सज्जनपणे मान हलवली आणि म्हणाले, "बाई, यजमानांना सांगा, पाय नीट धूत जा. स्वच्छता पाळली नाही की असं होतं."

दिवसाचे दहा तास पाण्यात उभा राहणारा माणूस, आणि त्याला हा शहाणा पाय धुवायला सांगत होता! मला वाटलं आत्या आता टेबल उलथवणार. तिनं कागदांच्या कडा जुळवल्या, पिशवीत ठेवले आणि म्हणाली, "सांगते."

आतोबा त्यानंतर वर्षभरच जगले. विषारी पाण्यानं पाय नेला, आणि पाय गेल्याच्या धसक्यानं माणूस गेला. ते गेल्यावर साहेबांना दया आली. माझे बाबा त्याच कारखान्यात फिटर होते, त्यांनी शब्द टाकला आणि आत्याला लॅबमध्ये बाटल्या धुण्याचं काम मिळालं. ती नाही म्हणेल असं आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "उद्यापासून येते." इतकं गोड म्हणाली की मला भीतीच वाटली.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला स्टीलचं सिंक, वर लाकडी फळ्यांवर पालथ्या घातलेल्या बाटल्या, खिडकीतून नाला दिसायचा. केमिस्ट म्हणजे शब्दकोडी सोडवायला जन्माला आलेला माणूस. आडवे-उभे शब्द सुखानं जुळवता यावेत म्हणून त्यानं आत्याला सगळं शिकवून टाकलं. बाटली भरण्याआधी ज्या पाण्यानं भरायची त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात आधी थेंबभर आम्ल टाकायचं, मग निळ्या झाकणाच्या बाटलीतल्या औषधाचे चार थेंब. पाणी जांभळं झालं की क्रोमियम आहे. जितकं गडद, तितकं जास्त. नाल्याचं पाणी वांग्यासारखं जांभळं व्हायचं. आत्या नळी धुऊन जागेवर ठेवून द्यायची.

तीन महिन्यांनी एकदा सरकारी तपासनीस नमुना न्यायला यायचा. नियमानं त्यानं स्वतः नाल्यावर उतरायला हवं. पण साहेब म्हणायचे, "उन्हात कशाला जाता, आमच्या बाई आणतील." तपासनीस पंख्याखाली बसायचा आणि आत्या बाटल्या घेऊन बाहेर पडायची. बाहेर पडली की नाल्याकडे नाही, डावीकडे वळायची. तिथं गेस्ट हाऊसची बाग होती आणि बागेत बोअर होतं. गोडं, स्वच्छ पाणी. या बोअरला कारखान्यात 'नेहमीची जागा' म्हणत. तिथलं पाणी बाटलीत जायचं, बाटलीवर लाखेचं सील लागायचं, खाली साहेबांची आणि तपासनिसाची सही. अकरा वर्षं नदी कागदावर ठणठणीत होती.

पहिल्याच वर्षी आत्यानं एक चूक केली. नाल्याचं खरं पाणी एका बाटलीत भरून, पदराखाली लपवून, ती तपासनिसाच्या कचेरीत देऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाटली लॅबच्या सिंकमध्ये होती. रिकामी, स्वच्छ विसळलेली. साहेब जाताना बाटलीकडे बघून हसले.

"तेव्हा कळलं," आत्या मला पुढे म्हणाली, "मी भरलेल्या खऱ्या बाटलीला काडीची किंमत नाही. किंमत त्यांच्या सहीच्या बाटलीला. मग म्हटलं, त्यांच्याच बाटलीत काय ते घावेल."

म्हणून ती खोटं पाणी भरत राहिली. खालच्या गावातल्या बायका तिला बाटलीबाई म्हणायच्या, रस्त्यात दिसली की थुंकायच्या. त्यांची गुरं मरत होती, पोरांच्या अंगावर चट्टे उठत होते. "थुंकायलाच पाहिजे," आत्या म्हणायची, "मी असते तर दगड मारला असता."

आणि मग, अकराव्या वर्षी, एका नमुन्याच्या दिवशी बोअरवर बाटली विसळताना तिच्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटली.

ती खाज तिच्या ओळखीची होती. आतोबा असताना तिनं रोज रात्री तिला मलम लावलेलं होतं. ती लॅबमध्ये आली, केमिस्ट सात अक्षरी शब्द शोधत होता, तिनं बोअरच्या पाण्यात थेंब टाकले. फिकट जांभळं. पुढच्या महिन्यात त्याहून गडद. हौदांचा गाळ पुरायचा खड्डा साहेबांनी पैसे वाचवायला बागेच्या मागेच खणला होता, तळाला अस्तर न घालता. करावं तसं भरावं म्हणतात. इथं पेरलेलं जमिनीतून वर आलं होतं.

आत्या कुणालाही बोलली नाही. माळ्याला मात्र तिनं सांगितलं, "बोअरचं पाणी पिऊ नको रे, आत साप पडलाय."

"बोअरमध्ये साप कसा मावेल, बाई?"

"तू उतरून बघतोस का?"

माळी घरून बाटली आणू लागला. वस्तीतल्या हातपंपाचं पाणी आत्या दर आठवड्याला तपासायची. ते शुद्ध होतं. जांभळं झालं असतं तर त्याच दिवशी सगळं सांगून टाकलं असतं, असं ती म्हणते. मी तिच्यावर विश्वास ठेवते.

खालच्या गावानं कोर्टात दावा लावला होता, त्याचा हुकूम त्याच सुमाराला आला. नमुना घ्यायचा आणि दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. कारखान्याचं पुढचं सगळं त्या एका बाटलीवर. साहेब घाबरले. न जाणो, कुणी नाल्यावर उतरलंच तर, म्हणून त्यांनी चार दिवस हौद बंद ठेवले आणि टँकर मागवून नाला धुऊन काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाल्याचा तळ दिसला. त्या दिवशी सकाळी आत्यानं नाल्याच्या पाण्यात थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं, रंगच नाही. मग बोअरच्या पाण्यात टाकले. ते वांग्यासारखं जांभळं झालं.

तपासनीस आला, पंख्याखाली बसला. सवय जात नाही. साहेब आत्याला बाटल्या द्यायला लॅबच्या दारात आले. बाबा तिथंच नाल्याचा व्हॉल्व्ह आवळत होते. आत्यानं सरळ विचारलं, "साहेब, आज नाला स्वच्छ आहे. आज नाल्यातूनच भरू का?"

साहेब खेकसले, "अक्कल चालवू नकोस. नेहमीच्या जागेवरून भर."

"नेहमीच्या जागेवरून?"

"बहिरी आहेस का?"

आत्या डावीकडे वळली. तीनदा विसळलं, काठोकाठ भरलं. सील लागलं, सह्या झाल्या. कुणी त्या बाटलीत थेंब टाकून बघितले नाहीत. स्वच्छ पाण्याची तपासणी कोण करतं?

महिन्याभरानं कोर्टात अहवाल वाचला गेला. मी आत्याच्या शेजारी बसले होते. मर्यादेच्या साठ पट. साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग ते ताडकन उठले आणि ओरडले, "अशक्य! ते पाणी नाल्याचं नाहीच!"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मग कुठलं आहे?"

आत्यानं माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली. साहेब आपल्या वकिलाकडे बघू लागले. नाल्याचं म्हणावं तर नदी विषारी. बोअरचं म्हणावं तर अकरा वर्षांच्या सगळ्या सह्या खोट्या, शिवाय जमिनीखालचं पाणीसुद्धा विषारी. शेवटी ते म्हणाले, या बाईनं मुद्दाम घोळ घातला.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, बाईंना भरायला सांगितलं तेव्हा तिथं कोण होतं? बाबा उठले. पंचवीस वर्षांची नोकरी होती त्यांची. त्यांनी साहेबांकडे बघितलं, मग बहिणीकडे. "नेहमीच्या जागेवरून भर, असं म्हणाले. नेहमीची जागा म्हणजे बाग. ताईनं दोनदा विचारलं होतं."

कारखान्याला कुलूप लागलं. साहेबांवर आणि तपासनिसावर खटला उभा राहिला. तीनशे लोक घरी बसले, त्यांत बाबाही. त्या संध्याकाळी बाबा आत्याला म्हणाले, "ताई, तू सगळ्यांच्या अन्नात माती कालवलीस."

"माती कधीचीच कालवली होती," आत्या म्हणाली. "मी ताट दाखवलं." पण त्या रात्री ती जेवली नाही. बाबा तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत.

साहेब जामिनावर सुटले त्या दिवशी आम्ही दोघी कोर्टाच्या पायऱ्यांवर होतो. आमच्याजवळून जाताना ते थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुला माहीत होतं."

"मी बाटल्या धुणारी, साहेब. मला काय कळतंय?" मग तिनं तोच जुना गोड आवाज काढला. "पण एक सांगते. पाय नीट धूत जा."

त्यांना आठवलंच नाही. ते माझ्या नजरेनं टिपलं. त्यांनी वेड्याकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं, आणि पायऱ्या उतरून, आवार ओलांडून, फाटकाबाहेरच्या गाडीपर्यंत गेले. आत्या एकटक त्यांच्या बुटांकडे बघत होती. गाडी निघून गेली तरी तिची नजर तिथंच.

मी म्हटलं, "आत्या, झालं ना आता मनासारखं?"

"कसलं झालं," ती म्हणाली. "चालत गेला ना तो."